नदी डाव्या हाताला

रेवदंडा, ३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
कुमुदचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून पत्र. जूनमध्ये मोडलेला घोटा आता सुधारला आहे. काठी सुटली.

काल बायजा इथे लेकीकडे आली होती. रोह्याच्या पेठेत भाजी विकते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाली, दादा हल्ली रोज पोस्टातल्या रिटायर आश्लेषाबाईंबरोबर फिरतात, आणि उलटे फिरतात. आधी वरचा पूल, मग पलीकडचं अष्टमी गाव, मग खालच्या पुलावरून घरी.

अकरा वर्षं दर शनिवारी एसटीने येऊन रविवारी सकाळी मी तुझ्याबरोबर कुंडलिकेची फेरी घातली. नदी देवासारखी उजव्या हाताला ठेवायची, हा नियम तुझाच. एकदा चिखल होता म्हणून मी उलटं जाऊ म्हटलं, तर दोन दिवस अबोला धरलास. आता ही आश्लेषा कोण, जिच्यासाठी प्रदक्षिणासुद्धा उलटी होते? चहाड्या ऐकू नयेत असं कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं होतं. मी ऐकल्या, वर आणखी खोदून विचारलं.

उत्तर लवकर पाठव. माया असेल तर सविस्तर पाठव.
तुझी कुमुद

रोहा, ९ नोव्हेंबर

चि. कुमुदला अनेक आशीर्वाद.

घोटा चालू लागला हे वाचून आनंद झाला. जीभ कधी मोडलीच नव्हती. आश्लेषाबाई गेल्या वर्षी आमच्या आळीत राहायला आल्या. शांत आहेत. तुझ्यासारख्या वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला मार्क देत नाहीत. दिशा बदलली ती उन्हामुळे, सकाळी डोळ्यांवर येतं.

तू यायची घाई करू नकोस. पाय जप. आमचं छान चाललं आहे.
तुझा दादा, विश्वंभर

रेवदंडा, १७ नोव्हेंबर

दादास नमस्कार.

‘आमचं’ म्हणजे कुणाचं, ते आज डोळ्यांनी बघितलं. सकाळच्या पहिल्या गाडीने आले आणि अष्टमीच्या रस्त्याकडेला उभी राहिले. तुम्ही दोघं आलात. नदी डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला त्या, तुझं कोपर धरून. मी त्यांच्या बाजूला उभी, माझ्यापासून दोन हातांवरून गेलास. मी हात वर केला. तू बघितलंसुद्धा नाहीस. त्यांनी मात्र बघितलं, आणि तुला घेऊन पुढे गेल्या.

तशीच मागे फिरले. परतीच्या गाडीत आठवलं, वरचा पूल पूर्वेला, उलटं निघालं की ऊन सुरुवातीलाच तोंडावर येतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलास आणि बहिणीला खोटी पूर्व दाखवतोस! मी नको झाले असेन तर तसं लिही. मी रडत बसणार नाही. माझ्या जागी दुसरी आली, एवढं तुझ्या अक्षरात हवं.

आशीर्वाद द्यायचा की नाही, ते तूच ठरव.
कुमुद

रोहा, २२ नोव्हेंबर

चि. कुमे,

तू तिथे होतीस? आश्लेषाबाई म्हणाल्या होत्या, निळ्या साडीतल्या एक बाई फार रागाने बघत होत्या. मी म्हटलं, असेल कुणी.

माझा उजवा डोळा गेला आहे. जुलैत, एका सकाळी उठलो आणि त्या बाजूचं काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आतली रक्ताची वाट बंद झाली, आता नजर परत येणार नाही. तू प्लास्टरमध्ये होतीस. शिवाय कळल्यावर तू पहिल्यांदा माझं फिरणं बंद केलं असतंस. नदी उजवीकडे ठेवली तर मला ती दिसत नाही. डावीकडे ठेवली की दिसते, पण मग उजवीकडून येणाऱ्या मोटारसायकली दिसत नाहीत. त्या बाजूला आश्लेषाबाई असतात.

तुझी जागा तुझीच आहे. पण ती आता उजवीकडे आहे, आणि तिथे थोडं काम असतं.
दादा

रेवदंडा, २७ नोव्हेंबर

श्रीमती आश्लेषाबाईंना,
कुमुदचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. निळ्या साडीतली ती मीच.

माझ्या सख्ख्या भावाचा डोळा गेल्याचं तुम्हाला जुलैत कळलं, मला नोव्हेंबरात. हे मला पचलेलं नाही, पचेल असं वाटतही नाही. मी त्याचं फिरणं बंद केलं असतं, हे तो लिहितो ते खरं आहे. तुम्ही बंद केलं नाहीत, नुसत्या त्याच्या उजव्या बाजूला जाऊन चालू लागलात. मला हे सुचलं नसतं, आणि राग या न सुचण्याचाच जास्त आहे.

१ डिसेंबरच्या रविवारी मी येते. उजव्या बाजूला मी चालणार. काल सरावासाठी शेजारच्या सदाभाऊंचा एक डोळा रुमालाने बांधून त्यांना किनाऱ्यावर नेलं. दोनदा ते होडीवर आपटले. आता ते मला बघून दार लावून घेतात.

तेव्हा कोपर कुठे धरायचं, खड्डा आला की सांगायचं की नुसतं थांबायचं, हे तुम्ही दाखवा. या खेपेला मागून चला, आणि मी चुकले की तिथल्या तिथे बोला. चूक दाखवलेली मला अजिबात खपत नाही. तरी दाखवा.

लोभाचं पुढे बघू.
कुमुद