जसंच्या तसं

चामराजपेट, बेंगळूर
रविवार

प्रिय अभिराज,

परवा तुझ्या आई आमच्या घरी येऊन गेल्या. निपाणीहून बसनं आल्या, मार्केटापासून ऑटो केला म्हणाल्या. जिना चढून आल्या त्या दाराजवळच्या खुर्चीतच टेकल्या. अम्मानं त्यांना पाणी दिलं, कॉफी दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. त्या काय मागायला आल्या होत्या ते मी शेवटी लिहिते. आधी बाकीचं. तुला ते सगळं ठाऊक आहे, पण गेली आठ वर्षं ते फक्त तुझ्या तोंडून सांगितलं गेलं. आता एकदा माझ्याकडून ऐक.

देवनहळ्ळीला तुझं पहिलं गुलाबांचं शेत होतं, तिथंच आपली ओळख झाली. कामगारांच्या कल्याणाचं काम बघायला म्हणून मी नोकरीला लागले होते आणि तू मालक असूनही माझ्या टेबलाशी उभा राहून डबा खायचास. आमच्या मराठीला तू हसायचास. आमचं घराणं साडेतीनशे वर्षं कानडी मुलखात, थोड्याला स्वल्प आणि 'बरं'ला सरी म्हणणं आम्हाला मराठीच वाटतं. तू म्हणायचास, तुमची मराठी म्हणजे पुरणपोळीवर सांबार. मला त्याचा राग यायचा नाही, उलट तू आणखी काहीतरी बोलावंस असं वाटायचं. मग विमानतळामुळे जमिनींचे भाव चढले, आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पडले आणि तू गुलाब घेऊन इथिओपियाला जायचं ठरवलंस. त्या देशाला परकीय चलन हवं होतं. आपल्या देशाला आफ्रिकेत आपले उद्योग उभे राहिलेले दिसायला हवे होते. तुला स्वस्त जमीन आणि स्वस्त माणसं हवी होती. तिघांचं छान जमलं. करारावरच्या सह्यांच्या वेळचा तुझा फोटो अम्मानं पेपरातून कापून ठेवला होता, मागे दोन्ही देशांचे झेंडे आणि मधे तू. साखरपुडा त्याच महिन्यात झाला आणि कामगारांचंच काम बघायला मीही तुझ्याबरोबर तिकडे आले.

अदिस अबाबाच्या पश्चिमेला, डोंगरावरच्या त्या शेतावर मी जितकी सुखी होते तितकी नंतर कधी झाले नाही, हेही खरंच लिहिते. हवा आपल्या जुन्या बेंगळूरसारखी होती. शेडमध्ये फुलं तोडणाऱ्या बायकांतली वर्कनेश माझ्याच वयाची. तिनं मला त्यांची भाषा, अम्हारिक, शिकवली. कॉफी भाजता भाजता ती एकेक शब्द सांगायची, मी चुकले की चिमटा काढायची. तिनं पहिल्याच आठवड्यात मला त्यांचं घड्याळ शिकवलं. त्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. ते मी इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की अम्माला फोन करतानाही मला मनात हिशेब करावा लागायचा.

मग तो फेब्रुवारी आला. युरोपातल्या प्रेमिकांच्या दिवसासाठी माल जायचा होता, विमानात जागा ठरली होती आणि तोडणी मागे पडली होती. मधल्या शेडमध्ये एके दिवशी दुपारी बाराला फवारणी ठरलेली होती. फवारणीनंतर पूर्ण एक दिवस आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम मीच बायकांकडून घोकून घेतला होता. त्याच संध्याकाळी तू मला बोलावलंस आणि म्हणालास, उद्या सकाळी सातला सगळ्यांना मधल्या शेडमध्ये लाव. मी विचारलं, तिथं फवारणी होती ना? तू म्हणालास, ती पलीकडच्या शेडला वळवली, मधली कोरडी आहे. मी बायकांना त्यांच्या घड्याळानं एक वाजता यायला सांगितलं. फवारणीनंतर दारावर लावतात ती धोक्याची लाल पाटीही सकाळी काढलेली होती. फुलं तोडायला लागल्यावर थोड्याच वेळात बायका ओकायला लागल्या. वर्कनेश सगळ्यात आतल्या रांगेत होती, तिला बाहेर ओढून काढेपर्यंत ती डोळे चोळत जमिनीवर लोळत होती. तिचा उजवा डोळा गेला. डाव्यानं तिला माणसं आता सावलीसारखी दिसतात.

चौकशीच्या दिवशी मला वाटलं होतं, तू खरं सांगशील. तू उभा राहिलास आणि फार हळुवार आवाजात म्हणालास, मी दुपारी एक म्हणालो होतो, तोवर दिवस पुरा होत होता. संहितानं तो एक तसाच सांगितला, आणि इथं एक म्हणजे सकाळचे सात. बिचारी नवी आहे, घड्याळात गोंधळली. खोटं इतकं सुबक होतं की खोलीतल्या सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या महिन्यात दोन्ही देशांच्या नव्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. विषारी औषधाचा गुन्हा कुणालाच परवडणारा नव्हता, भाषांतरातली चूक सगळ्यांना परवडत होती. मी ओरडून सांगितलं की हे खोटं आहे, मला ते घड्याळ चांगलं कळतं. पण वर्कनेशनं इस्पितळातून सांगितलं होतं, एक वाजता या, हे संहितानंच सांगितलं. ते तर खरंच होतं. मला विमानात बसवायला तू स्वतः आला नाहीस, ड्रायव्हरला पाठवलंस. साखरपुडा मोडल्याचं तुझ्या आईंनी फोनवर कळवलं. बाईच्या जातीला इतका हलगर्जीपणा शोभत नाही, असं त्या म्हणाल्या.

पुढं मी काय केलं ते तू कधी विचारलं नाहीस. इथिओपियातून कितीतरी लोक बेंगळूरला उपचारासाठी येतात, हृदयाची झडप बदलायला, मूत्रपिंडाच्या दुखण्याला. डॉक्टरांना त्यांची भाषा येत नाही, त्यांना डॉक्टरांची येत नाही. मी मधे उभी राहायला लागले. मी स्वतःला एकच नियम घालून घेतला, काही गाळायचं नाही, काही वाढवायचं नाही. एका आजोबांनी सर्जनला चक्क शिवी दिली, ती मी तशीच इंग्रजीत सांगितली. सर्जन हसले आणि त्यांनी आजोबांचं दुखणं पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. हळूहळू माझं नाव झालं, या बाई शब्द गाळत नाहीत. त्याच नावावर मला इथिओपियाच्या वकिलातीतून बोलावणं आलं. व्यापाराच्या बोलण्यांसाठी शिष्टमंडळ येतंय, दुभाषी म्हणून याल का?

भेटणाऱ्यांच्या नावांत तुझं नाव होतं. मला नाही म्हणता आलं असतं. त्यांना दुसरं कुणी मिळालंही असतं. अम्मा म्हणाली, "नको ग, सोडून दे. देव बघून घेईल." देवानं आठ वर्षांत बघितलेलं मला तरी दिसलं नव्हतं. मी साडी इस्त्रीला टाकली.

हेब्बाळच्या त्या हॉटेलात तू शिरलास तेव्हा मला बघून क्षणभर दचकलास, आणि मग तुझ्या चेहऱ्यावर जे आलं त्यानं तुझा घात केला. तुला बरं वाटलं. आपलं माणूस मधे बसलंय, असं तुला वाटलं. तुझ्याबरोबर तुझे भागीदार रघुपती होते, तेही निपाणीचेच. समोर हिरुतबाई, शिष्टमंडळाच्या प्रमुख. त्यांना इंग्रजी येतं, पण व्यवहाराचं बोलताना त्या स्वतःचीच भाषा वापरतात. सुरुवातीलाच मी उभं राहून सांगितलं की या खोलीत जो कुणी जे बोलेल ते सगळं मी दोन्ही बाजूंना सांगणार. अम्हारिकमध्ये सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, आणि तुझ्याकडे बघून मराठीतही सांगितलं. तू हसून मान हलवलीस. तुला ती जुनी सलगी वाटली.

तासभर तू छान बोललास. दोन देशांची मैत्री, नवी जमीन, हजारो हातांना काम. मी तुझं प्रत्येक वाक्य सजवून नव्हे पण जपून पोचवलं. मग हिरुतबाईंनी विचारलं, जुन्या शेतावर काही बायका औषधानं आजारी पडल्या होत्या असं ऐकलं, तिथं काय झालं होतं? तू माझ्याकडे वळलास. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, जेवायला काय आहे विचारावं तशा आवाजात मराठीत म्हणालास, "संहिता, यांना जरा गोड करून सांग. तेव्हा तुझ्या नावावर घातलं म्हणून निभावलं. आताही निभाव, मी तुझं भलं करीन."

मी ते हिरुतबाईंना अम्हारिकमध्ये सांगितलं. 'गोड करून' यासाठी नेमका शब्द शोधायला क्षणभर थांबले, पण तोही सापडला. मग टेबलाभोवतीच्या बाकीच्यांसाठी इंग्रजीत सांगितलं. हिरुतबाईंनी पेन खाली ठेवलं. यांनी खरंच असं म्हटलं का, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न मी तुला मराठीत सांगितला. तू म्हणालास, "संहिता, काय करतेयस तू?" मी तेही भाषांतर करून सांगितलं. मग त्या रघुपतींकडे वळल्या. तुम्हालाही ही भाषा येते, बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे का? रघुपतींनी तुझ्याकडे पाहिलं नाही. "बरोबर आहे," म्हणाले. बोलणी तिथंच थांबली.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते की मला न्याय हवा होता. तुला मात्र खरं लिहिते. मला तुझा चेहरा बघायचा होता. चौकशीच्या त्या खोलीत माझा जसा झाला असेल तसा तुझा होताना बघायचा होता. बघितला, डोळे भरून बघितला. तू ग्लास उचललास आणि पाणी तुझ्या टायवर सांडलं, तेव्हा मला जे वाटलं त्याची मला लाज वाटत नाही. बाहेर पडून मी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्यानं दोन प्लेट इडली खाल्ली. कितीतरी वर्षांनी मला एवढी भूक लागली होती.

आता जुनी चौकशी पुन्हा उघडलीय, तुझ्या जमिनीचा करार अडकलाय, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. एक मात्र ठाऊक नसेल. मी वर्कनेशच्या बहिणीचा नंबर मिळवला आणि फोन केला. वर्कनेश आधी बोलायलाच तयार नव्हती. मग मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आठ वर्षं मी रोज तुला शिव्याशाप दिले. आता ते ज्याला द्यायचे त्याचं नाव मला नीट म्हणायला शिकव." मी शिकवलं. 'भ' तिच्या जिभेवर लवकर चढेना. चुकली की मी पुन्हा सांगत होते, ती पुन्हा म्हणत होती. आता तिला तुझं नाव बिनचूक येतं.

तर, तुझ्या आई. कॉफी पिऊन झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, दोनच ओळी लिहून दे. तेव्हा भाषांतर करताना चूक झाली, एवढंच. वकील म्हणतो तेवढ्यानं तो सुटेल." तू त्यांना पाठवलंस. स्वतः यायची हिंमत नव्हती म्हणून सत्तरीच्या बाईला बसमध्ये बसवून पाठवलंस, तेही त्यांना खरं न सांगता. मी त्यांना विचारलं, त्या शेतावर काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे का? भाषेचा घोळ झाला एवढंच अभि म्हणाला, असं त्या म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, वर्कनेशच्या डोळ्यासकट. त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी फोनवर त्यानं माझ्याही तोंडून खोटंच वदवलं." उठून पदर सारखा केला, अम्माला नमस्कार केला आणि दारातून मागे वळून मला म्हणाल्या, "दोन ओळी नको लिहूस. सगळं लिही." म्हणून हे लिहिलं, अभिराज. तुला माझ्याकडून लेखी हवं होतं, हे घे. मराठी प्रत तुझी. अम्हारिक आणि इंग्रजी प्रती उद्या सकाळी वकिलातीकडे निघतील. दोन्ही भाषांतरं मीच केली आहेत, आणि त्यांत चूक नाही.

एकेकाळी तुझी म्हणवणारी, पण या वेळी स्वतःच्याच वतीनं बोलणारी,
संहिता