शब्दसारथी सोडताना केलेली निरवानिरव

मी, कु. शकुंतला दत्तात्रय ओगले, वय ६९, राहणार वारजे, पुणे, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास सोसायटीच्या गेल्या सभेला हजर असलेल्यांना विचारावे. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते तसेही कोणाला वाचता आले नाही.

१. त्याची हकीकत अशी. 'शब्दसारथी' हे मराठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर मी १९९५ साली घेतले आणि वारज्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्यावर जुळवल्या. ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. आता ते फक्त माझ्या जुन्या संगणकावर, तेही त्याच्या पाठीत कंपनीने दिलेली प्लास्टिकची चावी खोचली तरच उघडते. पूर्णिमा कित्येक वर्षे सांगत होती, "मावशी, सोडा हो ते. तुमच्यानंतर यातलं अक्षर कोणाला वाचता येणार नाही." मी म्हणायचे, "माझ्यानंतर वाचायचंय कोणाला?"

पूर्णिमा म्हणजे परभणीहून नोकरीसाठी पुण्याला आलेली मुलगी. १९९८ साली माझ्याकडे खोली घेतली. "दोन महिन्यांत दुसरी जागा बघते," म्हणाली होती. अजून बघते आहे.

२. पहिले मृत्युपत्र मी शब्दसारथीतच लिहून ॲड. रामदास गोसावी यांना ईमेलने धाडले. ते छापून, साक्षीदार घेऊन, वकील सहीसाठी घरी आले. बघते तर चारही पानांवर डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हे आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे.

"अहो वकीलसाहेब, हे काय?"

"मला वाटलं, गुप्तता म्हणून आपण मुद्दाम केलंत."

शेजारच्या मालनबाईंनी तर माझ्याआधीच साक्षीदार म्हणून सही ठोकली होती! आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता माझ्या मनात आले: मी तशीच गेले असते तर? मृत्युपत्र नाही म्हटल्यावर सदनिका कायद्याने माझा भाऊ श्रीधर याच्याकडे, आणि पूर्णिमा बॅग घेऊन जिन्यात. त्याच संध्याकाळी शब्दसारथी बंद केले. रडले. खोटे कशाला सांगू?

३. शब्दसारथी, त्याची चावी आणि जुना संगणक श्रीधरला द्यावा. आईचा पितळी बंब तो "कल्हई करून आणतो" म्हणून खडकीला घेऊन गेला, त्याला बावीस वर्षे झाली. एवढी चिकाटी असलेल्या माणसाला हे सॉफ्टवेअर शोभेल.

४. मालनबाईंना माझा वाचायचा चष्मा. सही करण्यापूर्वी लावावा. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून या खेपेस त्यांना बोलावलेले नाही. त्यांनी रुसू नये.

५. माझी राहती सदनिका आतल्या सर्व सामानासह पूर्णिमाची. नवे सॉफ्टवेअर तिनेच शेजारी बसून मला शिकवले. "मावशी, ही कळ नाही, ती," असे दिवसभर ऐकून कान किटले. हे कलम मात्र मी एकटीने लिहिले आहे. तिला कोथिंबीर आणायला पिटाळले. घरात दोन जुड्या आहेत.

६. मृत्युपत्रात नावापुढे नाते लिहायचे असते. पहिल्या वेळी मी पूर्णिमाच्या नावापुढे 'पेइंग गेस्ट' लिहिले होते. ते कोणाला वाचता आले नाही, हे शब्दसारथीचे उपकार. आता 'मुलगी' लिहिते. वकील म्हणाले, "बाई, कायद्यात बसत नाही. निदान 'मानलेली' तरी घाला."

घालणार नाही. ओळख पटवायला तिचे नाव आणि पत्ता पुरेसा आहे. पत्ता माझाच आहे.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

(सही) शकुंतला द. ओगले

आमच्यादेखत सही झाली:
१. डॉ. सूरज भोंडवे (सही)
२. सौ. शेफाली ताम्हाणे (सही)

स्थळ: वारजे, पुणे
दिनांक: ११ ऑगस्ट २०१२