नील दुबोआ

लायडन,
१४ ऑक्टोबर २०२५

मंजूषाताई,

धाकट्या जावेचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळे खुशाल. बाळ गुटगुटीत आहे, आनेकेही कालपासून घरात हिंडते-फिरते. डिंकाचा एक लाडू खाऊन माझी सून थकली. तिच्या मदतीला येणारी बाई मात्र दोन-दोन खाते.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. फोन तुम्ही स्पीकरवर टाकता आणि भाऊजी शेजारीच असतात. डोळे अधू झाल्यापासून पत्र काही त्यांना वाचता येत नाही. हे आधी एकटीने वाचा.

बाळाचं नाव नील ठेवलंय. छान आहे ना? इथल्या लोकांनाही म्हणता येतं.

आमचे व्याही विलेम रोज नातवाला बघायला येतात. सत्तरी उलटलेला माणूस, पण या वाऱ्यात सायकलवरून! त्यांचं आडनाव दुबोआ. मी आपलं सहज विचारलं, हे डच वाटत नाही. झालं! दुसऱ्या दिवशी वंशावळीची ही एवढी गुंडाळी घेऊन हजर. दुबोआ म्हणजे रानाकाठचे. फ्रान्समध्ये ज्याचं घर रानाजवळ तो दुबोआ, म्हणून गावोगाव दुबोआ, पण एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आपण राजापूरकर, पण राजापूर धड कोणी पाहिलंय? यांचे पूर्वज प्रोटेस्टंट. राजाने छळ मांडला तेव्हा पळून लायडनला आले, लोकरीचं कापड विणायला लागले. दुसरे दुबोआ कोणी अमेरिकेत गेले, कोणी आफ्रिकेच्या टोकाला. काहींनी तर नावाचं डच भाषांतरच करून टाकलं. "आमच्या घराने तेवढं टिकवलं," विलेम म्हणाले, "आणि मला ही एकच मुलगी." मी उठून चहा टाकला.

ताई, किती आढेवेढे घेतेय बघा. सांगून टाकते. आपला नील राजापूरकर नाही. नील दुबोआ आहे. मुलाला आईचं आडनाव लावायचं की बापाचं, ते इथे आईबाप ठरवतात, आणि पहिल्याला लावलं तेच पुढच्यांना. अंबरीश नगरपालिकेत जाऊन नोंदवूनही आला. मला नंतर कळलं. मी म्हटलं, "अरे, काकांना काय सांगू? ते वंशावळ पुढ्यात घेऊन बसलेत!" तर म्हणतो, "आई, पुण्यात ढीगभर राजापूरकर आहेत." आपल्या घरात पुढचा तू एकटाच ना रे मेल्या, असं तोंडावर आलं होतं. बाळ झोपलं होतं म्हणून ओरडताही येईना. न्हाणीघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन पोळ्या केल्या. दुसरं काय करणार होते?

एक पळवाट आहे. आपल्या वंशावळीत आडनाव वर एकदाच असतं, खाली नुसती नावं. अंबरीशच्या खाली तुम्ही 'नील' लिहिलंत तर भाऊजींना कधी कळायचं नाही. पण हे गेल्यापासून अंबरीशला त्यांनी पोटच्या पोरासारखं पाहिलं. त्यांना फसवा, असं तुम्हाला कसं सांगू?

आणखी एक. परवा विलेमनी त्यांच्या कागदावर अंबरीश लिहिला आणि मला नाव विचारलं. मी म्हटलं, जयंती राजापूरकर. "नाही, जन्माचं," म्हणाले. त्यांच्याकडे बाईचं माहेरचंच नाव लिहितात. लग्न झाल्यापासून मला कोणी ते विचारलं नव्हतं हो. सोमण म्हटलं आणि एकेक अक्षर सांगून लिहवून घेतलं. ज्या वंशावळीसाठी पोराशी भांडले, तिच्यात मी नाही, तुम्ही नाही, तुमची लेक प्रांजलीसुद्धा नाही. आता कोणत्या तोंडाने भांडू? आणि गप्प बसले, तर भाऊजींना कोणतं तोंड दाखवू?

तुम्ही नील लिहा, नाहीतर जागा कोरी ठेवा. मला नाही ठरवता येत, ताई. भाऊजींनी विचारलंच तर बाळाचं नाक थेट त्यांच्यासारखं आहे म्हणावं. ते खरंच आहे.

खाली कोणतं आडनाव लिहावं कळत नाही, म्हणून नुसतीच,

तुमची
जयंती