दुसरा बगळा

१४ मार्च १९७८
साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी बदलताना पेटीचा पट्टा तुटला. प्रोग्रॅमची टोचलेली सहाशे कार्डं फरशीवर. दोन तास उकिडवी बसून क्रम लावला. लोक ओलांडून जात होते. एक कार्ड मागेपुढे झालं तर मशीन थांबतं, ते परवडलं. न थांबता चुकीचं उत्तर देतं, त्याची भीती. पुण्याला कॉम्प्युटरवर रात्रीचाच नंबर मिळाला. उत्तर आलं. बरोबर आहे की नाही, देव जाणे. कॉलेजात देसाई सरांना कार्डं पडल्याचं सांगितलं नाही; काम त्यांचं, मी हाताखाली.

१७ मार्च
परत सांगली. झोपेत अजून कार्डं पडतात. गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ मारतात, म्हणजे क्रम चुकला की रेघ तुटलेली दिसते. मी रेघेऐवजी बगळा काढला. नदीकाठी रोज तेच दिसतात, दुसरं काही मला काढताही येत नाही. गठ्ठा आवळून बांधला की बगळा उभा. एक कार्ड हललं की त्याची मान मोडते.

२ एप्रिल
सरांनी पेटी उघडली. सरकारी कार्डांवर चित्र काढलं म्हणून ओरडतील, मी दाराशीच उभी. पण हसले. आता सगळे प्रोग्रॅमला बगळाच म्हणतात. "रत्ना, बगळा कधी नेतेस पुण्याला?" एरवी नाव काय, तर 'कृष्णा नदी पातळी अंदाज, भाग एक'. सरांच्या सांगण्यावरून पहिल्या पानावर फुल्याफुल्यांचा बगळा छापून घेतला. एक पाय जरा जाड आला.

११ मे
तक्ते तयार. वर पाऊस किती, धरणातून पाणी किती सोडलं, यावरून सात गावांत किती तासांनी किती पाणी चढेल ते आकडे. पण गावात तक्ता वाचणार कोण? सर म्हणाले, बगळाच वाचतील. प्रत्येक गावात देवळापाशी फळा, त्यावर पुरुषभर उंच बगळा. ग्रामपंचायतीचा शिपाई निळी पट्टी वरखाली सरकवणार. गुडघ्याला पाणी, जनावरं हलवा. पोटाला, माणसं हलवा. मानेला, कुणी थांबू नका.
मला फार आवडलं. आईला दाखवलं तर तिनं विचारलं, पट्टी चुकीची लावली तर? रात्रभर तेच डोक्यात.

२८ मे
फळे लागले. शंकर पेंटरनं बगळ्याला लाल चोच केली आणि चोचीत मासा दिला. सरांनी मासा पुसायला लावला, म्हणाले, लोक माशाकडंच बघतील. एका गावात बायकांनी बगळ्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सर खूश. मला कसंतरीच झालं. माझं तीन रात्रींचं गणित, आणि त्याला नारळ.

४ जून
मामाच्या गावचा फळा तपासायला गेले. सातांतलंच एक. मामा गवंडी. फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग मला खाली आमच्या वस्तीत घेऊन गेला. विहारासमोर थांबून म्हणाला,
"पोरी, तुजा बगळा देवळाच्या पायरीवर हुबा हाय. तितं त्याचा गुडघा भिजायच्या आदी हितं आमी बुडल्यालो."
मी लहानपणापासून तो उतार उतरतेय. कधी मोजला नाही. सरांनी सगळी पातळी देवळाच्या पायरीपासून धरली, आणि कार्डावर तो आकडा मीच टोचला.

५ जून
सरांना सांगायचं. नोकरी तात्पुरती, कायम करायचा कागद जुलैत वर जायचाय. आज नाही सांगितलं.

७ जून
आजही नाही.

९ जून
सांगितलं. सर म्हणाले, सर्वे झालाय, मंजूर झालाय, साहेब बघून गेलेत. पुढच्या वर्षी खालच्या वस्त्या घेऊ. वाईट माणूस नाही. खरंच पुढच्या वर्षी घेतील. पण पाऊस ह्या वर्षीचा.

१८ जून
मामाबरोबर मोजलं. गवंड्यांची पाणी भरलेली लांब नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. एक टोक वस्तीत मी धरलं, दुसरं मामानं देवळाच्या पायरीला लावलं. नळी पुरेना म्हणून चार टप्पे. शेवटच्या टप्प्याला मी जवळच होते; पायरीला हात लावण्याआधी मामानं आजूबाजूला बघून घेतलं. सरपंचांचा भाऊ येऊन उभा राहिला. कशाला मापताय, म्हणून विचारलं. मामा म्हणाला, कॉलेजचं काम हाय. तो माझ्याकडं बघत राहिला. मी मान हलवली. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.
फरक सव्वापाच फूट.

१९ जून
विहाराच्या भिंतीवर दुसरा बगळा काढला, माझ्या हातानं. देवळाकडचा कोरडा असताना हा पोटापर्यंत पाण्यात. वस्ती सव्वापाच फूट खाली, थोड्या पाण्यातच खुणा लागाव्यात म्हणून पाय आखूड, अंग बारीक. मामी म्हणाली, उपाशी दिसतोय. तरी तिनं सगळ्या बायकांना बोलावून कुठल्या खुणेला काय उचलायचं ते दोनदा म्हणवून घेतलं. देवळाकडचा बगळा चुकला तर सरांचा. हा चुकला तर माझा.

३ जुलै
गावातून कॉलेजला पत्र. कुणीतरी दुसरा बगळा काढून लोकांत घबराट पसरवतंय.
सरांनी दार लावून घेतलं. "तू काढलास?"
मी हो म्हणाले. कसं मोजलं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. नीट ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "जो आकडा कार्डावर नाही, त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. पाऊस लागायच्या आत पुसून टाक."
माझ्या नोकरीचा कागद अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

९ जुलै
पुसायला म्हणून गेले. चुन्याची बादली भरून घेतली. मामा आडवा आला नाही, बाजूला बसून राहिला. एवढंच म्हणाला, "पूस. मग आमाला सांगाय कोन येनार, तेवडं सांग." बादली तशीच ठेवून आले.
निघताना मामाच म्हणाला, तिसऱ्या टप्प्याला नळीत बुडबुडा दिसल्यासारखा वाटला व्हता, पर नक्की न्हाई. बुडबुडा असेल तर माप गेलं. बोटभर की हातभर, आणि कुठल्या बाजूला, सांगता येत नाही. पुन्हा मोजू म्हटलं तर सरपंचांचा भाऊ पायरीवरच बसलेला.

२२ जुलै
झड लागलीय. सरांनी विचारलं, पुसलास ना? मी हो म्हणाले.

६ ऑगस्ट
सकाळी साताऱ्याहून ट्रंक कॉल. वर धो धो, पाणी सोडणार. तक्त्यात बोट फिरवलं, मामाच्या गावी उद्या सकाळपर्यंत देवळापाशी गुडघा. म्हणजे तिथं जनावरं हलवा. खाली वस्तीत मानेच्याही वर.
सरांनी ग्रामपंचायतीला फोन केला, गुडघा सांगितला, फोन ठेवला. शिपाई देवळाकडची पट्टी लावेल. विहाराच्या भिंतीला पट्टी नाही, शिपाई नाही.
स्टँडवर धावले. दुपारची गाडी लागलेली. पुढचा कॉल आला की आकडे काढायला मीच, म्हणून स्वतः न चढता कंडक्टरला कागद दिला, फाट्यावर आमच्या वस्तीतलं जे भेटेल त्याला दे म्हटलं. मामा कामासाठी पलूसकडं गेलाय, वस्तीत निम्म्यांना वाचता येत नाही. म्हणून अक्षरं लिहिलीच नाहीत. बगळा काढला, पाणी डोक्यावरून नेलं. घाईत काढलेला, बगळा आहे हे तरी कळेल का.

६ ऑगस्ट, संध्याकाळ
सरांना सगळं सांगितलं. पुसला नाही हेही. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी तक्ता पुढं ओढला, सव्वापाच मिळवून बघितले, पुन्हा बघितले. पुन्हा ग्रामपंचायतीला फोन लावला. घंटाच जात नाही. "बुडबुडा कुठल्या टप्प्याला होता?" विचारलं. तिसऱ्या, म्हटलं. पेन्सिल खाली ठेवली त्यांनी.

७ ऑगस्ट
पहाटेपासून स्टँडवर. त्या बाजूच्या गाड्या बंद, रस्त्यावर पाणी. कालचा कंडक्टर नऊला भेटला, तो शेवटच्या गाडीनं परत आलेला. म्हणाला, फाट्यावर एक म्हातारी होती, डोक्यावर गवताचा भारा. वस्तीतलीच म्हणाली, म्हणून तिलाच दिला. तिनं कागद बघितला का, विचारलं. बघितला म्हणे. मग?
मग काही नाही. भारा तिथंच टाकला आणि उताराकडं चालू लागली. चालत, की पळत? त्याला आठवेना. गाडी सुटली होती.
सर ऑफिसात फोनपाशी बसलेत. मी इथंच थांबतेय.