तळाची ओळ

२२ जुलै, सोमवार
आजपासून मंदिराच्या कचेरीत कामाला लागले. शिक्षण मॅट्रिकच, म्हणून धाकधूक होती. पण मंडळाचे अध्यक्ष त्साई म्हणाले, सू-ओ वहिनी, विद्वान आमच्याकडे पोत्यानं पडलेत, बिनचूक लिहिणारं माणूस हवंय. तीस वर्षं घरची वही लिहिली ती अशी कामी आली. क्वान-यिन देवीला तीन उदबत्त्या लावून खुर्चीत बसले. डबा घरचाच, रताळ्याचा भात आणि खारवलेला मुळा. चहा आणि पंखा मंदिराचा.

गावात जे वारले त्यांची यादी आता संगणकावर आहे. एका पानावर पंचवीस नावं. कागदी वहीशी ताडायचं आणि ‘पुढे’ दाबायचं. एकूण चार हजार एकशे बारा. एकशे चौसष्टाव्या पानावर ह्यांचं नाव दिसलं. सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसला आणि ‘पुढे’ दाबलं.

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात ‘चांगल्या भावांसाठी’ पलीकडचं दार उघडतं. मेलेल्यांना तेव्हा दुसऱ्या नावानं हाक मारायची नसते. पहिल्या तिथीला यादी मोठ्यानं वाचायला घ्यायची, पंधरावीच्या आत संपवायची. शेवटी एक ओळ असते: “आणि ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत ते सारे. झालं, आता परत जा.” ती म्हटली की दार लागतं. यंदा वाचनाचा मान माझा.

२९ जुलै
ताइचुंग शहरातून कुओ बाई आल्या, संगणकावरची यादी नवी करायला. चाळिशीच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, बटणं कोण दाबतं आता, सगळं काम अंगठ्याचं. पानंच काढून टाकली. बोट वर सरकवत राहायचं, खालून नावं येत राहतात. थांबावं लागू नये म्हणून पुढची पंचवीस आधीच फिकट अक्षरांत येऊन बसतात. आपण तिथवर पोचलो की काळी होतात.

परत जाण्याची ओळ कुठे, विचारलं. ती त्यांनी पार तळाच्या पट्टीत टाकलीय, मंदिराचा पत्ता आणि फोनशेजारी. दिसेल ना, म्हटलं. म्हणाल्या, काकू, तळाला गेलं की दिसणारच, तळ काय पळून जातोय.

४ ऑगस्ट, पहिली तिथी
वाचन सुरू केलं. यादी गावभर फोनवर आलीय. मासेवाले आ-शुई खवल्यांनी भरलेल्या अंगठ्यानं आपले आजोबा शोधून दाखवत होते. लेकीला, हान-युनला, फोनवर सांगितलं. तिला सातवा चाललाय. म्हणाली, आई, बाबांचं नाव मीपण बघीन सवडीनं.

१० ऑगस्ट
दुपारी चार हजार एकशे बारावं नाव झालं. खाली ओळ दिसली. ‘आणि ज्यांची’ एवढं म्हटलं, तोच ती खाली घसरली. मध्ये नवी नावं आली, फिकट. पहिलंच शू आजींचं. समोर चहाचं दुकान त्यांचं. सकाळीच मला टोमणा मारला होता, खुर्चीत बसून बसून बूड खुर्चीएवढं होईल हो. कुणाचा तरी चावटपणा म्हणून मी बोट सरकवलं. नाव काळं झालं. समोर कप फुटल्याचा आवाज आला.

शू आजी गेल्या.

११ ऑगस्ट
कुओ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माझ्याकडे तपासून बघण्यापुरती दहा नावं आहेत, तिथे ओळ छान दिसते. काकू, चष्मा बदला.

मी बोट लावलं नाही. तरी तीन नावं काळी झाली. इतरांचे अंगठे चालूच आहेत. तिन्ही घरांपुढे सुतकाचे मांडव पडलेत.

अध्यक्षांना यादी बंद करा म्हटलं. म्हणाले, ऐन महिन्यात? आणि वाचायला घेतलेलं अर्धं टाकता येतं का वहिनी, तुम्हीच सांगा.
टाकता येत नाही. मलाही ठाऊक आहे.

१३ ऑगस्ट
चार हजार एकशे एकतीस. फिकट. हान-युन.
त्याखाली नुसतं ‘हान-युनची मुलगी’. मुलगी आहे हे तिनं मला सांगितलेलं नाही.
पुसून पाहिलं, पुसत नाही. वहीत ते नावच नाही, तर पुसणार काय.

१४ ऑगस्ट
एक कळलं. मी नवं नाव चढवलं की ते तिच्या वर बसतं. ती एक ओळ खाली जाते.
वेई आजी घातल्या. एक्क्याण्णव वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या, स्वतःच म्हणतात ने रे देवा. देवीला शंभर नमस्कार घातले.
संध्याकाळी वेई आजी काळ्या झाल्या.

१५ ऑगस्ट
लोक आता आपलं नाव नाही ना हे बघायला खाली येतात. सगळं गाव खाली येतंय. एक ओळ पुरत नाही.
आ-शुई. अध्यक्ष त्साई. भजनातल्या नऊ जणी. कुओ बाई — हिच्या वेळी हात अडखळला नाही.

१६ ऑगस्ट
सकाळी कुओ बाईंचा फोन. पटलं काकू, चूक माझीच, ओळ तळाला टाकायला नको होती. दुपारी येते, पानं परत बसवते. पानं आली की यादी संपेल.
यादी उघडली. त्यांचं नाव अजून फिकट होतं. वरून कुणाचा अंगठा खाली येतोय ते मला दिसत नाही. मी काय करणार —
पुसत नाही.
काळं झालं. गाडी वाटेतच —

१७ ऑगस्ट
बाजार बंद. उदबत्त्या संपल्या. ओळखीची नावंही संपली.
कपाटात शाळेची हजेरी आहे, पहिलीचा वर्ग. आशीर्वादाच्या दिव्यांसाठी आणली होती. एकोणतीस.
नाही. देवी बघतेय.

दुपारी. हान-युन आता काळ्या नावांच्या फक्त सहा ओळी खाली.
देवीचं तोंड भिंतीकडे केलं. लिहिलं. एकोणतीस.

१८ ऑगस्ट, पंधरावी
शाळेकडून रडणं येतंय. मी खिडकी लावली.
माझंही नाव घातलं. फिकट आहे. तिच्या वरच —
फोन. हान-युन. बसमध्ये आहे, मला न्यायला निघालीय. गावात काय चाललंय आई, म्हणते. वाटेत बाबांचं नाव बघायला घेतलंय, सापडलं. पार खाली तर सगळी लहान मुलंच का गं. आणि तुझं नाव —
म्हटलं अंगठा उचल. हान-युन, फोन ठेव.
ती म्हणते, थांब गं, तळाला काहीतरी ओळ दिसतेय, ‘आणि ज्यांची’ असं काहीतरी. नीट वाचू दे, एवढंसंच खाली