खिडकीखालचा भोपळा

ता. ४ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण पत्ता पुन्हा बदलला. सध्या एका मोठ्या दुकानाच्या आवारात गाड्या लावायच्या जागेवर पांढरे पट्टे मारतोय. दोरी ताणायची आणि सरळ चालायचं, एवढंच काम. मी आणि सरळ, तूच बघ. काल ओल्या पट्ट्यावरून एक कुत्रं आरामात चालत गेलं. मुकादम माझ्यावर ओरडला, कुत्र्यावर नाही. असो, मी काय सांगत होतो?

हां, खेळ. आई गेल्यावर तू बाबांच्या शिवणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपल्या तिघांपुरता त्या ठोकळ्यांच्या खेळाचा सर्व्हर चालू केलास, हे फार बरं केलंस. तीन गावांत राहून एका घरात भेटतो. इथे राहायच्या जागी सगळ्यांत मिळून एक कॉम्प्युटर आहे, रविवारी माझी पाळी असते. पण ताई, ठोकळ्यांनी एवढं देखणं घर बांधलंस आणि मधल्या खोलीत खिडकीखाली भोपळा? कोपऱ्यात कलिंगड, भिंतीला गवताचे तीन भारे! घर आहे की गोठा? आणि बाबा रोज संध्याकाळी त्या भोपळ्यासमोर तासभर बसतात! मला कसंसंच झालं. म्हणून गेल्या रविवारी घरात कोणी नसताना सगळं उचललं आणि खताच्या पेटीत घातलं. त्या खतावर खिडकीबाहेर फुलं उगवली, लाल-पिवळी. लॅबमध्ये दातांच्या कवळ्या घडवण्यातून सवड मिळाली तर बघून ये.

लोभ आहेच, खोली आवडली तर थोडा वाढव.

तुझा,
भिंगरी

ता. १२ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. देतेय, पण दातओठ खाऊन.

तुझा फोन कधी लागत नाही आणि खेळात लिहिलं तर बाबा वाचतील, म्हणून पत्र.

अरे मूर्खा, तो भोपळा नव्हता, आईचं शिवणयंत्र होतं. कलिंगड म्हणजे तिची बटणांची पेटी आणि भारे म्हणजे काजं करायला आलेल्या कपड्यांचे गठ्ठे. दोन महिने लॅबमधून येऊन मी ती चित्रं काढली आणि त्यांचा रिसोर्स पॅक केला. सर्व्हरवर पहिल्यांदा शिरताना पाटी येते ना, हा पॅक घ्यायचा का म्हणून? 'हो' म्हटलं की भोपळ्याच्या जागी मशीन दिसतं, चाकावरच्या उडालेल्या रंगासकट. 'नाही' म्हटलं तरी खेळता येतं, फक्त साधे ठोकळे दिसतात. तुझं नेट रांगतं म्हणून सक्ती ठेवली नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं? मला तर वाटत होतं सांगितलंय.

आता ऐक. आठ दिवस झाले, बाबा खेळात आलेले नाहीत. त्याआधी मी फोनवर म्हटलं होतं, काही बिघडलं नाही, दुसरा भोपळा ठेवला की मशीन परत दिसेल. फक्त सुईखालची ती बाही राहू दे की चित्रातून काढू? तर म्हणाले, तुला वाटेल तसं कर. आणि फोन ठेवला. बाबा, शिंपी माणूस, आणि बाहीबद्दल तुला वाटेल तसं? दिवसभरात तो एकच तास ते माझ्याशी बोलायचे रे. तोही गेला. मला काहीच कळेनासं झालंय.

तू त्यांना लिही. माझा लोभ सध्या शिंक्यावर आहे, तुझा हात पोचणार नाही.

ताई

ता. १९ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी आईचं मशीन खताच्या पेटीत घातलं. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय.

बाबा, मला दिसला भोपळा. तुम्हाला दिसलं मशीन. ठोकळा एकच. मग मी मोडलं काय? भोपळा असेल तर मी केर काढला, मशीन असेल तर मी नालायक. दिवसभर हेच डोक्यात फिरतंय आणि पट्टे वाकडे जातायत. एका जागेत आता फक्त सायकल मावेल.

रागवा, पण खेळात या. हवं तर मी येत नाही.

लोभ ठेवाच असं म्हणायचं तोंड नाही, तरी म्हणतो.

आपला,
भिंगरी

ता. २७ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मापाच्या वहीतला कागद आहे, मागे कुणाच्या तरी कमरेचं माप आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

राग नाही. उलट माझीच पंचाईत आहे. मला ते मशीन कधी दिसलंच नाही. पाटीवर लिहिलं होतं, घेणं ऐच्छिक आहे. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी गळ्यात मारतंय. 'नाही' दाबलं. तेवढ्यात ताईने लिहिलं, बाबा, दिसतंय ना? पोरीने दोन महिने डोळे फोडले होते, हे ठाऊक होतं. म्हटलं, दिसतंय गं. एकदा म्हटलं की रोज म्हणणं आलं. ती शेजारी येऊन बसायची, आईच्या गोष्टी लिहायची, म्हणून मी बसायचो. तिच्या लिहिण्यावरून ताडायचो, बहुतेक हे चाक, ती पेटी.

तू भोपळा काढलास तेव्हा खरं सांगतो, खोली मोकळी वाटली. फुलं तर फारच छान. पण तिने बाहीचं विचारलं. कुठली बाही? चुकीचं बोललो तर इतक्या दिवसांचं 'दिसतंय' उघडं पडेल. म्हणून तिकडे फिरकत नाही.

तू बघून मला कळव, सुईखाली काय आहे. ताईला यातलं बोलू नकोस.

जेवत जा. पत्ता बदललास तर आधी सांग.

बाबा

ता. ५ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे आपण दोघं त्याच गोठ्यात बसत होतो! मी हसलो, मग कागद घडी करून खिशात ठेवला, मग पुन्हा काढून वाचला.

आज 'हो' केलं. एकदा 'नाही' म्हटल्यावर खेळ परत विचारत नाही, यादीत जाऊन बदलावं लागतं. माझं जेवण होईपर्यंत पॅक उतरला. ताईने सगळं परत मांडलंय. आत गेलो तर खिडकीखाली मशीन. चाकाचा रंग उडालाय तो बरोब्बर आईचा अंगठा लागायचा तिथे. सुईखाली निळ्या चौकडीची बाही आहे, डावी, मनगटाशी टाचणी लावलेली. बाबा, तो तुमचा शर्ट. आईने शेवटचा हातात घेतलेला, अर्धवट राहिलेला.

मग मागच्या दाराने बाहेर गेलो. मार्चमध्ये मी तिथे भोपळे लावलेत, ठाऊक आहे ना? ताई तिकडे जात नसावी. सबंध शेतात मशिनं, बाबा. वेलींना लागलेली चौदा मशिनं, प्रत्येकाच्या सुईखाली तीच डावी बाही. कुठलं आईचं? एकेका वेलीपाशी जाऊन बघितलं. पाळी संपली तेव्हा मागच्याने खुर्ची हलवली.

फुलं मात्र आधी होती तशीच दिसतात.

तर उत्तर मिळालं. पण ते पाठ करून ताईला सांगू नका. पट्टे पुढच्या रविवारी संपतात. पुढे एका बोटीवर काम आहे म्हणतात, ते राहू दे, आधी मी घरी येतो. तुमच्या कॉम्प्युटरवर 'हो' करून देतो. तुम्ही स्वतः बघा आणि मग तिला काय ते सांगा.

आणि तो शर्ट, एका बाहीचा, कपाटात असेल तर काढून ठेवा.

लोभ तिथेच असू द्या, घ्यायला येतोय.

आपला,
भिंगरी