खोबरेल लावलेली काडतुसं

अम्मा, कुवेतातल्या फहाहीलची ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. स्वप्नात ती होती त्याहून मोठी असते आणि तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो. खरं तर तो कधीच दिसायचा नाही, नुसता वास यायचा, आणि दमट दिवसांत भिंतींना ओल सुटायची. स्वप्नात तू स्टोव्हपाशी पाटावर बसलेली असतेस. पदराचं टोक दातात धरलेलं, मांडीवर फडकं, आणि फडक्यावर ती काडतुसं. ईदेच्या आधी चांदीची भांडी पुसावीत तशी तू एकेक उचलून पुसतेस. मी म्हणते, अम्मा, भात करपतोय. तू वर बघत नाहीस. मग मला जाग येते आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात भाताचा काही पत्ता नसतो.

तुझ्यासारख्या बाईच्या हातात सहाबारी पिस्तूल आलं कसं, हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. माझी मुलं तर हसतात आणि इंग्रजीतून काहीतरी म्हणतात. अब्बा तेव्हा वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पांवर ट्रकने पाणी आणि शिधा पोचवायचे. गेले की आठवडा आठवडा दिसायचे नाहीत. बाजारामागच्या आपल्या गल्लीत त्या उन्हाळ्यात दोन-तीन घरं फुटली. एका बाईला तिच्याच ओढणीने खांबाला बांधून ट्रंक नेली. तेव्हा अरबाबने, म्हणजे ट्रकच्या मालकाने, स्वतःचं जुनं पिस्तूल अब्बांना दिलं, सोबत अरबीत लिहिलेला एक कागद, की हे माझ्या परवानगीने आहे. पिस्तूल दिलं, पण काडतुसं दिली नाहीत. ती आपली आपण आणायची होती.

काडतुसं आणायला तूही येणार म्हणालीस, तेव्हा अब्बांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बायकांचा काय काम तिथं?" तू म्हणालीस, "चालवायचा कोणी हाय? तुमी तर वाळवंटात असणार." झालं, आपण तिघं बसने कुवेत शहरात गेलो. मी एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली, पुढच्या थंडीत सासरी जाणार होते. दुकान अगदी अंधारं. आत थंडगार, कोपऱ्यात पाण्याची सुरई, भिंतीवर शिकारीच्या बंदुका. म्हातारा दुकानदार तरुणपणी खजुराची गलबतं घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचा. तुझं पातळ बघून तो म्हणाला, "कोकण की हो बहन?" आणि तू जरा लाजलीस.

अब्बांना हवी होती फौजी काडतुसं, तांब्याचं कवच चढवलेली. गावी रानडुकरावर ठासणीच्या बंदुकीने बार काढलेला माणूस तो, जे जास्त आत घुसेल ते चांगलं, एवढा त्यांचा हिशेब. दुकानदारही रंगात येऊन सांगू लागला, यह तो दीवार के पार जाएगा. मग तू विचारलंस, "और दीवार के पीछे बच्चा सोता हो तो?" आपल्या आणि शेजारणीच्या खोलीच्या मध्ये सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांची भिंत होती. पलीकडे तिचं महिन्याचं बाळ. त्याला उचकी लागली तरी आपल्याला कळायचं, आणि तू इकडून सांगायचीस, "अगो, त्याला मध चाटव." म्हाताऱ्याने फौजी डबा मागे सरकवला आणि साध्या शिशाच्या गोळ्यांचा काढला. हे नरम, माणसाला लागलं की तिथेच पसरतं, पुढे फार जात नाही, असं म्हणाला. आणि मला वाटतं तो अब्बांना नव्हे, तुलाच म्हणाला, की थोडी जास्त घे आणि त्यातलीच चालवून बघ. घरात जी ठेवायची तीच हाताला माहीत हवीत.

त्या शुक्रवारी आपण ट्रकने गावाबाहेर गेलो. दुपार कलती, वाळू पांढरी, आभाळही पांढरं, मध्ये कुठे रेघच नाही. अब्बा खोक्यांच्या फळ्या एकामागे एक उभ्या करतात, अगदी आपल्या भिंतीसारख्या. तू पदर खोचतेस, बिस्मिल्ला म्हणतेस, दोन्ही हातांनी पिस्तूल धरतेस. आवाज होतो आणि वाळवंट तो गिळून टाकतं. तू इतकी देखणी मला आधी कधी दिसली नव्हतीस आणि नंतरही नाही. आपण फळ्या बघायला गेलो तर तुझी ती नरम गोळी सगळ्या फळ्यांतून निघून गेली होती. अब्बा हसले. तू नाही हसलीस. घरी आल्यावर न जेवता तू खाट ओढायला लागलीस. खाट, स्टोव्ह, ट्रंका, सगळं हलवलंस, असं की तू बसशील तिथून समोर फक्त दार यावं, आणि दाराच्या पलीकडे गोदामाची समुद्री दगडाची जाडजूड भिंत. म्हणालीस, "गोळी कनची पण घ्या. ती जाईल कुठं ते आपण बगायचा."

एवढी शहाणी तू, आणि तरी त्या काडतुसांना खोबरेल चोळलंस. पण आपल्याकडे खाडीकाठी कोयतीला, अडकित्त्याला, कुलपाला, सगळ्यालाच चोळतात ना. गावाहून आलेल्या डब्यातलं तेल तू दर शुक्रवारी बोटाने लावायचीस, पितळेला छान चकाकी यायची. तेल बुडाच्या टोपीतून आत उतरतं आणि दारू निकामी होते, हे तुला कोण सांगणार? अब्बांनाही माहीत नव्हतं.

मग तो धुळीचा दिवस. दुपारीच अंधारून आलं, नारिंगी अंधार, सगळं घर जणू ताटाखाली झाकलेलं. दाराच्या फटीत आपण ओली फडकी कोंबली होती. अब्बा पुढच्या आठवड्यात यायचे होते. दारावर धक्का बसला. तू विचारलंस, "कोण हाय?" वाऱ्याखेरीज काही नाही. पुन्हा धक्का. "कोण हाय?" अब्बा घरी आले की बाहेर उभं राहून खाकरायचे, तुझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही आणि तूही त्यांचं नाही. एवढ्या वर्षांत तुमच्या दोघांत ती एक खाकरच काय ती हाक होती. मग फटीतून तार आत आली आणि कडी वर उचलू लागली. मी तुझ्या मागे. कडी पडली, दार उघडलं, धुळीचा लोट आणि त्यात तोंडाला फडकं गुंडाळलेला माणूस. तू चाप ओढलास. खट्. माणूस एक पाऊल आत आला. तू पुन्हा ओढलास. खट्. मग तो वाकला, खोकत खोकत खाली बसला, फडकं सोडलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाणी दे."

अब्बाच होते ते. ट्रक बंद पडला होता, दुसऱ्याच्या गाडीतून आले होते, घशात वाळू जाऊन आवाज गेलेला. तू पिस्तूल उशीखाली सारलंस आणि पाणी दिलंस. रात्री मला म्हणालीस, "बापाला सांगू नको. कधीच." मी नाही सांगितलं. त्यानंतर तू दर सोमवारी रोजा धरू लागलीस, आणि कोणी विचारलं तर पोटाला बरं पडतं म्हणायचीस. जाताना सुद्धा तुझ्या डोळ्यांत तेच होतं, मला कळत होतं, आणि मी नुसती तुझे पाय चेपत बसले.

आता ऐक, त्यासाठीच लिहायला बसले. तू गेल्यावर वर्षभराने अब्बा गावच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते. आपणहून म्हणाले, "तुजे आयेन त्या दिवशी चाप ओढलान होता. म्हाईत हाय माला." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिस्तूल उघडलं होतं. दोन काडतुसांच्या बुडाला घोडा आदळल्याचे ठसे होते. त्यांनी काही न बोलता डबा बदलला, नवी कोरडी काडतुसं आणून भरली आणि परत वाळवंटात निघून गेले. आठवतं, त्यानंतर ते गल्लीच्या तोंडापासून तुझं नाव घेऊन मोठ्याने ओरडत यायचे? शेजारीण हसून लोटपोट व्हायची. तू लाजेने लाल, म्हणायचीस, "या कुवेतान मानसाची अक्कल नेली." मलाही तसंच वाटायचं.

मी विचारलं, अब्बा, मग तिला सांगितलं का नाहीत, ती आयुष्यभर जळली. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "ती जळते ते माला कलला असता तर सांगितला असता. माला वाटला, तिला लाज वाटंल." आणि मग हसले, दात नसलेलं ते हसू. "एकदा ओढलान असता तर मी काळजीत पडलो असतो. दोनदा ओढलान. त्या दिवसापासून मी वाळवंटात झोपायला लागलो, पोरी. त्याच्या आधी कुठं झोप लागत होती?"

एवढंच होतं. तुझा राग आलेला नव्हता त्यांना, कधीच नाही. ते तुझ्या भरवशावर झोपत होते.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचंही नाही, आणि ठेवायचंही नाही, कारण माझ्या नवऱ्याला माझे कागद चाळायची सवय आहे. चांगला माणूस आहे, तक्रार नाही. पण अब्बा ते बोलले तेव्हा मी रडले असेन असं तुला वाटेल, तर मी रडले नाही. मला तुझा हेवा वाटला, अम्मा. अजून वाटतो.